आधी पाऊस मोजा, मग पत्र लिहा

बारावीचा निकाल लागला की चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उंद्रीत पारावर, सलूनमध्ये, किराण्याच्या दुकानात एकच विषय असतो. पोरगं आता कुठे घालायचं? नीट, सीईटी, डीफार्म, पोलीस भरती अशी उत्तरं तयार असतात. अलीकडे मात्र बीएस्सीला किंवा पुण्याच्या आयसरला जाऊ पाहणारं एखादं पोर हळूच विचारतं, "काका, कॉलेज सुरू व्हायच्या आधी कुठं संशोधन शिकायला मिळंल का?" शेजारी बसलेला बाप लगेच आपला प्रश्न पुढे करतो, "त्याचे मार्क भेटतात का?"

मार्क भेटत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे ज्यांना तेवढंच हवं आहे त्यांचा वेळ वाचेल.

उरलेल्यांसाठी एक जुनी गोष्ट. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली 1896 साली जन्मले. साधारण दहा वर्षांचे असताना चेंबूरला एका तबेल्यात त्यांनी चिमण्यांवर पाळत ठेवली. भोकातल्या घरट्यात मादी अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर बसलेला. पोराने छर्‍याच्या बंदुकीने नर पाडला. थोड्या वेळाने त्याच खिळ्यावर दुसरा नर हजर. सात दिवसांत आठ नर पडले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. आज हे कुणी करू नये. पण त्या वयात त्याने ते टिपून ठेवलं आणि ती नोंद पुढे कित्येक दशकांनी जशीच्या तशी छापली गेली. नंतर 1908 च्या सुमारास त्याच पोराच्या हाती पिवळ्या गळ्याची एक वेगळीच चिमणी लागली. मामांनी चिठ्ठी दिली, पोरगा मेलेला पक्षी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडले.

यावर कुणी म्हणेल, मामांची ओळख होती म्हणून जमलं. खरं आहे. आमच्या पोरांचे मामा सोयाबीन पेरतात, त्यांच्या चिठ्ठीला मुंबईत कोण विचारतो? पण मामांची चिठ्ठी फक्त दारापर्यंत पोचवते. मिलार्डसाहेबांनी वेळ दिला तो पोराच्या हातातल्या पक्ष्यामुळे. आमच्याकडे होतं उलटं. आधी दार शोधतो, चिठ्ठी शोधतो, आणि हातात काहीच नसतं.

मग उंद्रीच्या पोराने हातात काय घ्यावं? माझं मत विचाराल तर पाऊस घ्यावा. एका महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पंचनामा, मदत, पीक विमा यांची चर्चा मग त्या आकड्याभोवती फिरते. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळनिहाय आहेत आणि एकेका मंडळात कितीतरी गावं येतात. गावात दर पावसाळ्यात एकच तक्रार असते: "आमच्या वावरात पाणी साचलं आन् मंडळात पाऊसच नाही म्हणतेत." ही तक्रार कितपत खरी? किती वेळा खरी? हा प्रश्न आजवर पारावर भांडणासाठी वापरला गेला, तो मोजण्यासाठी वापरता येतो.

साहित्य फार नाही. वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीचा, सपाट बुडाचा डबा आणि एक पट्टी. डब्यात जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. तोंड निमुळतं असलेली बाटली घेतली तर हिशेब चुकतो. का चुकतो, हे ज्याला स्वतः कळलं त्याला अर्धी भूमिती कळली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरावर किती, ते पोराने स्वतः काढावं. डबा झाडाखाली, पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवायचा नाही. जवळच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवायचा. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा दिवस तेव्हाच बदलतो. नाही तर आपला सोमवार आणि त्यांचा सोमवार जुळणारच नाही. आणि पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. रकाना कोरा ठेवला तर महिन्याने कळत नाही की पाऊस नव्हता की पोरगं झोपलं होतं.

आता एकाऐवजी दोन डबे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. दोघांचं पाणी सारखं येणार नाही. इथे बहुतेक पोरं घाबरतात आणि एक आकडा खोडून दुसऱ्यासारखा करतात, कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तशीच सवय लागलेली असते. बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाला 30 गुण आहेत. ते कसे मिळतात हे मी सांगायला नको. नाव गावाकडच्या ज्युनियर कॉलेजात आणि पोरगं दोन वर्षं लातूरच्या नाही तर अकोल्याच्या क्लासला, अशांनी परीक्षानळी पाहिलेली असते ती चित्रात. त्यांना दोन डब्यांतला फरक ही चूक वाटते. तो फरक किती, कशाने, वाऱ्याच्या दिवशी वाढतो का, हे विचारायला लागलं की काम सुरू झालं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलाच दाखला देतो. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोनवर देवाच्या कोपापासून सगळे तर्क फिरले. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. तिथे केलेल्या अनेक गोष्टींतली एक फार साधी होती: पाणी न हलवता ठेवून दिलं. काही वेळाने गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. पाऊस नाही, उष्णतेने आटलेलं पाणी, वाढलेला खारेपणा, आणि त्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे खारप्रेमी सूक्ष्मजीव, असा उलगडा झाला. सूक्ष्मजीव ओळखायला प्रयोगशाळा लागते. बाटली टेबलावर ठेवून वाट पाहायला लागत नाही. (लोणार अभयारण्य आहे. परवानगीशिवाय तिथे बाटली बुडवायची नाही.)

दारं किती आहेत? फार नाहीत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत उन्हाळ्यात शाळकरी मुलं आठवडाभर शास्त्रज्ञासोबत काम करतात, ठरलेला अभ्यासक्रम नसतो. उपक्रम सुंदर, पण उंद्रीपासून लांब. 1993 पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद मात्र आपल्यासाठी आहे. वय 10 ते 17, विषय गावातला, सादरीकरण मराठीत चालतं. अट एवढीच की शाळेतल्या एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी मनावर घ्यावं. बारावी झालेल्यांनी बुलढाण्याचं किंवा जळगाव जामोदचं कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथे लिहावं. "मला संशोधनाची आवड आहे, संधी द्यावी" असं पत्र कुणी वाचत नाही. "जुलैच्या 31 दिवसांच्या तीन डब्यांच्या नोंदी सोबत आहेत, नाल्याकडच्या डब्यात सतत कमी पाऊस दिसतो, माझं काय चुकतंय?" हे पत्र वाचलं जातं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. अमेरिकेत शाळकरी पोरांकडून हजारो डॉलर घेऊन शोधनिबंध छापून देणारा धंदा उभा राहिला आहे. आपल्याकडेही पंधरा दिवसांची ऑनलाइन इंटर्नशिप, फी भरा, प्रमाणपत्र घ्या, असे मेसेज फिरतात. ती फी भरू नका, त्या पैशात गावभर पुरतील एवढे डबे येतील.

आणि उंद्री-अमडापूर पट्ट्यातल्या कृषी सहायकांना, निवृत्त गुरुजींना, सुट्टीत घरी आलेल्या एमएस्सीवाल्यांना एक विनंती. एखादं पोर पावसाची वही घेऊन आलं तर त्याला अर्धा तास द्या. आधी आकडे बघा, बारावीचे मार्क मागाहून विचारा.