निवडले ते ठळक दिसावे

इंटरनेट बँकिंगमध्ये पैसे पाठविताना लाभार्थींची यादी समोर येते. एकाच आडनावाची तीन-चार नावे, अखेरच्या दोन अंकांपुरते वेगळे खाते क्रमांक आणि प्रत्येकासमोर एक बटण. आपण त्यांतील एक दाबतो, ते किंचित निळसर होते आणि आपण पुढे जातो. थोरल्या भावाऐवजी धाकट्याचे बटण दाबले गेले असेल, तर त्या फिकट निळाईतून ते उमगावे कसे? एनईएफटीची रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते. ती परत मिळविण्यास समोरच्या खातेदाराची संमती लागते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून बँकांना लाभार्थीचे नाव पडताळण्याची सोय देणे बंधनकारक झाले, हे स्वागतार्हच. परंतु यादीतील दोन्ही नावे खरी असतील, तर पडताळणी तरी काय करणार?

अशा गोल बटणांना ‘रेडिओ बटण’ म्हणतात. मोटारीतील जुन्या रेडिओचे एक बटण आत दाबले की आधीचे टपकन बाहेर येई. कोणते केंद्र लागले आहे हे अंधारातही बोटांना कळे. सपाट पडद्याने ही सोय हिरावून घेतली. तिची भरपाई केवळ रंगाने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लाल-हिरव्यातील भेद ज्यांना दिसत नाही त्यांचे काय? भर उन्हात मोबाईल पाहणाऱ्याचे काय? वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००८ पासूनच सांगतात की माहिती देण्याचे एकमेव साधन रंग असू नये. २०१८ च्या आवृत्तीने तर अशा खुणांसाठी लगतच्या रंगाशी किमान ३:१ इतका उठाव मागितला. बरोबरची खूण, जाड चौकट, ठळक अक्षरे यांना फारसा खर्चही नाही. दृष्टिहीन ग्राहकाच्या वाचक-प्रणालीला ‘निवडलेले’ हा शब्द ऐकविता यावा, एवढी नोंद मात्र पडद्यामागच्या संकेतावलीत हवी.

आणखी एक घोटाळा असा की, संगणकावर माऊस ज्या ओळीवर रेंगाळतो तीही रंगते. दोन्ही छटा सारख्याच असल्या, की निवडलेली ओळ कोणती आणि नुसती वाटेत आलेली कोणती, हे ओळखणे कठीण. खतावणीत ताळा घेताना पेन्सिलीची बारीक टिचकी करणारे आमचे जुने लेखनिक या बाबतीत अधिक चोख होते!

यामुळे पडदा ओबडधोबड दिसेल, अशी रचनाकारांची तक्रार असते. दिसू द्यावा. शेवटच्या बटणावरही नुसते ‘पुढे’ न लिहिता लाभार्थीचे नाव, खात्याचे अखेरचे चार अंक आणि रक्कम छापावी.