दोर तुटला म्हणे!

परवा मुंबईहून पुतण्याचा फोन आला. शिडाची छोटी होडी चालवायला शिकतोय. म्हणाला, "काका, ऐन वाऱ्यात शीड आवळायचा दोर तुटला. मालच हलका निघाला."

मी पडलो मास्तर. म्हटलं, "बाबा, 'तुटणे' हे अकर्मक क्रियापद. त्यात दोर स्वतःच कर्ता होऊन बसतो आणि खरा करणारा नामानिराळा राहतो. तोडला कुणी, ते सांग."

आमच्या जाफराबादेत पाणी म्हणजे पूर्णा आणि केळना. समुद्र आम्ही चित्रात बघणार. पण कासरा, दावं, चऱ्हाट, मोटेचा नाडा यांत जन्म गेला. नाडा कुठे झिजायचा? चाकावरून जायचा तिथे. बाकीचा धडधाकट! होडीवरही तेच. दोर कप्पीत, कड्यात, एखाद्या धारदार कोपऱ्यावर रोज घासतो आणि तिथेच जातो. कप्पी फार लहान असेल तर वाकून वाकून तंतू मोडतात. गाठ मारली की ताकद घटते, कधी कधी निम्म्यावर येते. खारं पाणी वाळलं की मिठाचे खडे आतून कापतात. वरून ऊन नायलॉनला कुरतडतं ते वेगळंच.

यातलं काहीही एका दिवसात होत नाही. पीळ उलगडून आत पाहिलं, घासणाऱ्या जागेवरून बोट फिरवलं, तर दोर आधी सांगतो. गोड्या पाण्यानं धुवावा, सावलीत वाळवावा, अधूनमधून टोकं उलटसुलट करावीत. एवढंच तर काम!

कुणी म्हणेल, बाजारात हलका मालही असतो. असतो ना! पण तो निवडतो कोण? कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' या ५६ फुटी बोटीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. भर समुद्रात "माल हलका निघाला" ही तक्रार ते कुणाकडे करणार होते?

असो. एवढा तावातावानं बोलतोय, त्याला कारण आहे.

१९८७ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीतला गाळ काढायला एक गडी उतरला होता. दोर आमचा. दोन उन्हाळे विहिरीवरच पडून होता. काठाच्या दगडावर घासायचा त्या जागी तंतू फुलले होते. मी ते पाहिलं होतं. "एवढा उन्हाळा निघेल" म्हणालो होतो.

गडी वर येताना पडला. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च मी केला, आणि जो भेटेल त्याला सांगत सुटलो, "दोर तुटला हो!" कुणीही मला उलटून विचारलं नाही. त्यानंही नाही. तो शेवटपर्यंत लंगडत चालला.

पुतण्याला फोनवर हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहितोय. घरचे सगळे वाचतात.

तो दोर मी तोडला होता.