एकट्याची बोट

परवा हैदराबादला नल्लकुंट्यात अक्काकडे गेलो होतो. जेवताना भाचा म्हणाला, "मामा, शिडाची बोट घेतोय. तिच्यातच राहायचं आणि एकट्यानं समुद्र फिरायचा." अक्काच्या हातातला डाव तसाच राहिला. फ्लॅटसाठी साठवलेले पैसे बोटीत जाणार होते!

त्याने पसंत केलेली बोट चाळीस फुटी होती. "राहायचं तर ऐसपैस हवी ना?" मी म्हटले, "अरे, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले. त्यांची 'सुहेली' अवघी बत्तीस फुटी, आपल्या मुंबईतच सागवानात बांधलेली."

"पण दोंदेंची 'म्हादई' छप्पन्न फुटी होती!" भाचा तयारीनिशी होता.

खरेच आहे. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने, चार ठिकाणी थांबत पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे करणारे ते पहिले भारतीय. पण ते नौदलातले, पाठीशी अख्खे नौदल. शिवाय गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बोट बांधली जात असताना त्यांनी जातीने लक्ष घातलेले. तिचे नाव आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचे. कन्नडमधली महादायी ती हीच. आपल्याला मात्र ती पाण्याच्या तंट्यामुळेच आठवते!

बोट लांबली की शीड वाढते, नांगर जड होतो, दुरुस्तीचा खर्चही फुगतो. वादळात शीड आवरायला दुसरा हात नसतो. म्हणून एकट्याने आधी पाहावे ते हे, की शिडाचे दोर बसल्या जागी हाती येतात का, आणि सांडपाण्यापासून इंजिनापर्यंत सगळे आपल्याला उघडून दुरुस्त करता येते का. जुनी बोट असेल तर जाणकाराकडून ती पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावी.

इतका वेळ गप्प असलेली अक्का म्हणाली, "हा झोपला की बोट कोण चालवणार?"

आम्ही दोघे चकित! नेमका हाच कळीचा प्रश्न. वाऱ्याच्या दिशेनुसार आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र हवेच. पण 'सुहेली'वरचे ते यंत्र वाटेतच मोडले. पुढे नॉक्स-जॉन्स्टननी शिडे नेमकी बेतून बोट मार्गावर ठेवली. अशी विद्या विकत मिळत नाही.

हुसेनसागर तिथून जवळच. तिथे लहान शिडाच्या होड्या शिकवतात. भाचा आधी वर्षभर तिथे शिकणार आहे. पैसे तूर्त बँकेतच. अक्काने परत भात वाढला.