वाचलेल्या पुस्तकांची वही

दूधवाल्याचा हिशेब, किराण्याची यादी, भिशीचे हप्ते, सगळे आपण लिहून ठेवतो. गेल्या वर्षी कोणती पुस्तके वाचलीत असे विचारले, तर मात्र चार नावे सांगतानाही अडखळतो. म्हणून यावेळी एका साध्या वहीविषयी.

मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवले. तिथल्या त्यांच्या रोजनिशीत अमुक पुस्तक आज वाचून संपले, अशा छोट्या नोंदी ठिकठिकाणी आहेत. याच तुरुंगात ते उर्दूचा अभ्यास करीत होते. मौलाना शिब्ली नोमानींचे पैगंबर-चरित्रही त्यांनी तिथेच वाचले. १९२४ मध्ये सुटल्यावर ‘यंग इंडिया’त तुरुंगातले अनुभव लिहिताना त्यांनी या वाचनाचीही माहिती दिली.

त्याच्या कितीतरी आधी, ९८७ मध्ये, बगदादच्या इब्न अल-नदीमने ‘अल-फिहरिस्त’ ही अरबी पुस्तकांची मोठी सूची तयार केली. तो पुस्तकांच्या नकला आणि विक्रीच्या व्यवसायातला माणूस. त्याने नोंदलेली असंख्य पुस्तके पुढे नाहीशी झाली. त्यांतली कितीतरी आज केवळ त्याच्या सूचीमुळे नावाने माहीत आहेत.

आपल्याला शंभर पानी वही पुरे. पुस्तकाचे नाव, लेखक, संपवल्याची तारीख आणि मनात राहिलेली एक गोष्ट आपल्या शब्दांत. पुस्तक कोणाकडून आणले तेही लिहावे. मागून आणलेले पुस्तक ही अमानत आहे, नोंद असली की वेळेवर परत जाते. अर्धवट सोडलेले पुस्तकही लिहावे, आणि का सोडले तेही.

दोन भाषांच्या घरांसाठी एक सोय सांगते. मराठी पुस्तके वहीच्या एका टोकापासून लिहा, उर्दू पुस्तके उजवीकडून, दुसऱ्या टोकापासून. वर्षअखेरीस कोणती बाजू कोरी राहिली, ते वहीच दाखवील.

आमच्या अंबरनाथमध्ये बहुतेक ओळखीच्या घरांत उर्दूची बाजू कोरी राहील. दादांच्या कपाटात उर्दू पुस्तके आहेत, नातू मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातो. दादांशी तो उर्दूत बोलतो, पण त्यांच्या पुस्तकाचे नाव त्याला वाचता येत नाही. मग कधीतरी घर बदलताना ती पुस्तके रद्दीवाल्याच्या काट्यावर जातात, आणि काय गेले हे घरात कोणालाच कळत नाही.

म्हणून या सुट्टीत मुलांना वही घेऊन दादा-दादींजवळ बसवा. त्यांनी एकेक पुस्तक हातात घेऊन नाव सांगावे, ते कधी वाचले, कोणी दिले, तेही सांगावे. मुलांनी देवनागरीत लिहून घ्यावे. शेजारी तेच नाव उर्दूत दादांनी लिहावे आणि मुलांनी त्याखाली गिरवावे. रोज एक नाव लिहिले, तरी सुट्टी संपेपर्यंत बरीच अक्षरे ओळखीची होतील.