ट्रंक भंगारात घालण्यापूर्वी



ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना दिसते, की जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहताहेत. आनंदच आहे. पण घराबरोबर माळ्यावरची ट्रंकही भंगारात जाते, हे काही बरे नव्हे.

तिच्यात काय असते? शेअरचा दाखला, ऊसबिलाच्या चिठ्ठ्या, सोसायटीचे पासबुक, बैलजोडीपुढे काढलेला फोटो. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला, हे पुस्तकात सापडेल. आपल्या आजोबांनी शेअरचे पैसे कशातून उभे केले, हे मात्र घरातच विचारावे लागेल.

आणि आजीचे काय? जुन्या सातबाऱ्यावर बहुधा पुरुषांचीच नावे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जिने घर तगवले, ती कागदावर कुठेच नाही. असलीच तर फोटोच्या कडेला, डोक्यावर पदर घेऊन उभी. तिला ओळखणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते. ते गेले, की फोटो मुका झाला!

कोणी म्हणेल, साहेब, जुन्या कागदांनी टनेज वाढते काय? नाही वाढत. पण वारसनोंदीच्या वेळी दाखला सापडेना, की हेलपाटे आपल्यालाच पडतात ना?

तेव्हा यंदा तोडणी उरकली, की ट्रंक उघडा. म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. बायकांचे माहेरही लिहा. जमिनीची वाटणी होते, तशी या आठवणींचीही सर्व भावंडांत व्हावी, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी