उंबरठ्याचा मान : वीजग्राहकांचा जाहीरनामा

वापरलेल्या विजेचे पैसे भरलेच पाहिजेत. आमच्या चळवळीचं पहिलं कलम हेच आहे. पण बिल थकलं म्हणून घराच्या दारावरचा हक्क सुटत नाही. थकबाकीदारालाही कायदा आहे, मुदत आहे, दाद मागायला जागा आहे. चाळीत, झोपडपट्टीत, वाडीवस्तीवर हे सांगणारं माणूस हवं, म्हणून महाराष्ट्रातले आम्ही वीजग्राहक एकत्र येत आहोत.

मार्चअखेरीची वसुली आम्ही दरवर्षी पाहतो. भर दुपारी, घरातली कर्ती माणसं कामावर असताना, खांबाला शिडी लागते. सर्व्हिस वायर सोडवली जाते, तिचं वेटोळं गाडीत पडतं. घरात म्हातारी सासू आणि दहावीची परीक्षा देणारी नात. नोटीस मागितली तर उत्तर येतं, "ऑफिसात जाऊन विचारा." कधी कधी माणसं सरळ आत येतात, बोर्ड उघडून बघतात, आणि सगळ्या आळीसमोर त्या घरावर चोरीचा संशय चिकटतो.

वीज कायदा, 2003 असं वागायला सांगत नाही. कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी लाईट तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या 6 महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. एरवी 900 रुपये येणाऱ्या घरात एका महिन्याचं बिल अचानक 18,000 आलं, तर हीच तरतूद त्या घराचा आधार आहे.

घरात येण्याबद्दल कलम 163 आहे. कंपनीच्या माणसाने वाजवी वेळी, राहणाऱ्याला कल्पना देऊन यायचं. ग्राहकाची स्वतःची वायरिंग तपासायची असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा विशेष आदेश आणि 24 तासांची लेखी नोटीस लागते. ग्राहकाने आत येऊ दिलं नाही, तर पुन्हा लेखी नोटीस देऊन 24 तासांनी पुरवठा तोडता येतो. कुलूप तोडायची मुभा हे कलम देत नाही.

ती मुभा कलम 135 मध्ये आहे, आणि ते कलम वीजचोरीचं आहे. राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच, तसं मानायला कारण असेल तरच, झडती घेता येते. झडतीच्या वेळी घरचं माणूस हजर हवं, जप्त वस्तूंची यादी करून द्यायला हवी. घरात राहणारा सज्ञान पुरुष हजर नसेल, तर सूर्यास्त ते सूर्योदय घराची झडती घेता येत नाही. थकबाकी वेगळी, चोरी वेगळी. एकीच्या नावाखाली दुसरीचे अधिकार वापरणं आम्ही खपवून घेणार नाही.

प्रीपेड मीटरने हा प्रश्न आणखी बिकट होतो. पैसे संपले की लाईट आपोआप जाते. ना शिडी, ना वायरमन, ना समोर माणूस, की ज्याला दोन दिवस थांबा म्हणता येईल. ब्रिटनमध्ये 1954 च्या कायद्याने वीज आणि गॅस कंपन्यांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवर घरात शिरता येतं. तिथे असे वॉरंट घेऊन आजारी, असहाय माणसांच्या घरीही सक्तीने प्रीपेड मीटर बसवल्याचं उघड झालं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ऑफजेम या नियामक संस्थेला ते काम थांबवायला लावावं लागलं. वॉरंट हातात असूनही घरातलं आजारी माणूस कुणाला दिसलं नाही. तो धडा आपण आधीच घेऊ.

म्हणून आमच्या मागण्या :

1. तोडणीची नोटीस मराठीत, कागदावर, हातात मिळावी आणि तिची पोच घ्यावी. नुसत्या मोबाइल संदेशावर भागवू नये.
2. घरी येणाऱ्या प्रत्येकाने, तो कंत्राटी असला तरी, ओळखपत्र आणि कामाचा लेखी आदेश दाखवावा.
3. घरात ऑक्सिजन यंत्रावरचा रुग्ण, तान्हं मूल किंवा एकटं वृद्ध माणूस असेल, तर आधी हप्ते बांधून द्यावेत.
4. शनिवारी, रविवारी, सणाच्या तोंडावर आणि संध्याकाळी लाईट तोडू नये.
5. ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय प्रीपेड मीटर बसवू नये.
6. निषेध नोंदवून पैसे भरण्याचा हक्क प्रत्येक बिलावर ठळक छापावा.

आमची बांधिलकीही ऐका. आकडा टाकणाऱ्याची आम्ही बाजू घेणार नाही. वायरमनच्या अंगावर कुणी हात टाकला, तर आम्ही वायरमनच्या बाजूने उभे राहू; तोही तुटपुंज्या पगारावर जीव धोक्यात घालून खांबावर चढतो. आमचं भांडण त्याला कागदाशिवाय पाठवणाऱ्यांशी आहे.

प्रत्येक आळीत बिल वाचता येणारी दोन माणसं तयार करायची, त्यांतली एक बाई असावी. नोटीस आली की त्यांनी तारीख मोजायची, अर्ज लिहून द्यायचा, गरज पडली तर ग्राहक तक्रार निवारण मंचापर्यंत आणि तिथून विद्युत लोकपालापर्यंत सोबत जायचं. लाईट तोडायला गाडी आली, तर शेजाऱ्यांनी शांतपणे दाराशी उभं राहून एवढंच म्हणायचं : कागद दाखवा.

ज्याचं बिल भरलेलं आहे, त्यानेही या चळवळीत यावं. कायद्याचा धाक शेजाऱ्याच्या दारात टिकला, तरच तो आपल्या दारात टिकेल.