तांब्याचं म्हणून हलकं?

वऱ्हाडच्या इमादशाहीची नाणी म्हणजे तांब्याचे चार-दोन तुकडे. सोनं नाही, चांदी नाही, तेव्हा ते सुलतान कसले, बहामनींचे सरदारच. नाणं पाडलं म्हणून कुणी राजा होत नाही, फ्रान्सातले काउंटही नाणी पाडतच होते. अकोटातल्या एका व्याख्यानात हे ऐकलं. नरनाळा किल्ल्याच्या तालुक्यात बसून वऱ्हाडाला असं मोडीत काढलेलं मला सोसलं नाही.

हीच फूटपट्टी शेजाऱ्यांना लावा. निजामशाहीची आज सापडणारी नाणी बहुतेक तांब्याचीच. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचीही तीच गत. विजापूरची चांदीची लारी तर दुमडलेली तार, तरी तिच्यावरून आदिलशहाला कुणी सरदार ठरवत नाही. मोठ्या व्यवहाराला बहामनींचे टंके आणि विजयनगरचे होन दख्खनभर चालत होते. खणखणीत सोनं बाजारात फिरत असताना नव्या सुलतानाला ते पाडायची घाई कशाला? अडत होतं ते सुट्ट्यापाशी. मीठ-मिरची काही होन मोडून घेत नाहीत. बाजारकऱ्याच्या कनवटीला ज्याचा पैसा, त्याचं राज्य गावात पोचलं. वक्त्याला तिजोरी दिसली, बाजार दिसलाच नाही.

काउंटांचं म्हणाल, तर आपल्याकडे जुम्याच्या खुतब्यात नाव आणि नावाचा सिक्का ही राजेपणाचीच चिन्हं. सरदाराने आपल्या नावाचा सिक्का पाडला, तर ते बंड.

नरनाळ्याच्या महाकाली दरवाजाचा दाखला तर मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. शिलालेखात बहामनी सुलतान महमूदशहाचं नाव आहे, म्हणून इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादउल्मुल्क कायमचा चाकर! अहो, तो लेख 1487चा आणि वऱ्हाड स्वतंत्र झालं 1490 साली. आधीचा कागद दाखवून नंतरचा हक्क खोडता येत नाही. या वादात पूर्वीही माझा आवाज चढला होता, आजही चढतो.

इमादशाहीची नाणी कमी सापडतात म्हणजे कमीच पाडली, हेही कच्चं. 1574 साली मुर्तझा निजामशहाने वऱ्हाड घेतलं. राज्य बुडालं की जुना पैसा आटतो, तांब्याची भांडी होतात.

मग या नाण्याचं मोल कशात? ते कुठल्या शेतात, कुठल्या भांड्यात, कुणाच्या नाण्यांसोबत निघालं, यात. इमादशहाचा पैसा कुठवर चालत होता, हे त्यावरूनच कळेल. माझ्या हातात एकदा असंच एक जाड, ओबडधोबड नाणं आलं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं. कडेला फारसी अक्षराचा एक बाक तेवढा उरला होता, बाकी सपाट. कुठे सापडलं, विचारलं. "मोडीत आलं," एवढंच उत्तर.

म्हणून अकोट, अचलपूर, बाळापूरकडच्या शेतकऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: नांगराच्या फाळाला हिरवटलेलं नाणं लागलं, तर त्याला चिंच लावू नका. जागा आणि तारीख कागदावर टिपा. गाडगंच निघालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. 1878चा निखात निधी कायदा त्यासाठीच आहे.